एनएसलुकअपला पत्ता सापडतो, पण पिंगला का सापडत नाही?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. पतसंस्थेच्या कार्यालयात डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली असलेले अकरा संगणक आहेत. लेखा सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालते त्याचा पत्ता १९२.१६८.१.२० असून राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, त्याला ‘लेखा.लोकल’ हे नाव दिलेले आहे. एनएसलुकअप ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा चालवल्यास अचूक पत्ता मिळतो. पिंग ही समोरचा संगणक ओ देतो का हे पाहणारी आज्ञा मात्र काही सेकंद अडखळून ‘नाव माहीत नाही’ अशा अर्थाचा संदेश देते आणि ब्राउझरही तेच सांगतो. एका संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावे आणि पत्ते लिहिलेल्या त्याच्या स्वतःच्या यादीत, ओळ घातल्यावर काम झाले. आता हीच ओळ उरलेल्या दहा संगणकांवर घालावी, की नाव कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचे हे ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमधून ‘एमडीएनएस’ (सर्व्हरशिवाय, जवळच्या संगणकांनाच विचारून नाव शोधण्याची पद्धत) काढून टाकावे, असे आपण विचारले आहे. डीएनएस सर्व्हरांचे पत्ते असलेल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये राउटरच्या खाली ‘सुरक्षेसाठी’ ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता लिहिल्याचेही आपण ओघात नमूद केले आहे. त्याकडे मी नंतर येतो, कारण तो या दुखण्याचा दुसरा आणि अधिक छुपा भाग आहे.

उत्तर आधीच सांगतो: यांपैकी एकही उपाय करू नये, सर्व्हरचे नाव बदलावे. आपल्या राउटरचे काहीही चुकलेले नाही आणि डेबियनचेही नाही. ‘लोकल’ हा शेवट ज्या कामासाठी राखून ठेवलेला आहे, त्याहून वेगळ्या कामासाठी तो वापरला गेला, एवढाच घोटाळा आहे. (या उत्तरात आज्ञा, फाइलींची नावे आणि संगणकांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत टंकावेत.)

एनएसलुकअप आणि पिंग या दोन आज्ञा एकच प्रश्न विचारतात असे आपण गृहीत धरले आहे, आणि बहुतेक जण तसेच धरतात. प्रत्यक्षात एनएसलुकअप किंवा डिग ही साधने फक्त डीएनएस सर्व्हरशी बोलण्यासाठी बनवलेली आहेत. ती रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधून सर्व्हरचा पत्ता उचलतात आणि थेट त्याच्याकडे जाऊन विचारतात. होस्ट्स फाइल त्यांच्या वाटेत येत नाही आणि एनएसस्विचमधला क्रम त्यांना ठाऊकही नसतो. पिंग, ब्राउझर, आपले लेखा सॉफ्टवेअर, दूरच्या संगणकावर काम करू देणारे एसएसएच हे सर्व कार्यक्रम मात्र डीएनएसला विचारत नाहीत. ते ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतात. लिनक्समध्ये ही विचारणा ग्लिबसी या मूळ लायब्ररीतून जाते, आणि पत्ता कोणाकोणाकडे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा हे ती लायब्ररी ठरवते. म्हणून एनएसलुकअपचे उत्तर बरोबर आले याचा अर्थ ‘डीएनएस सर्व्हरकडे नोंद आहे’ एवढाच होतो. संगणकाला ती सापडेल की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

ही दुहेरी व्यवस्था कोणी हौसेने केलेली नाही. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात नेटवर्कवरील सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच मजकूर फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती पद्धत कोलमडू लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला आणि १९८७ च्या आरएफसी १०३४ व १०३५ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या दस्तऐवजांनी त्याला आजचे रूप दिले. आपल्या संगणकातील होस्ट्स फाइल ही त्या जुन्या वहीची वारस आहे. पुढे त्यात आणखी स्रोतांची भर पडली, आणि त्यांचा क्रम लावण्यासाठी सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीममधून आलेली एनएसस्विचची कल्पना लिनक्सने उचलली.

आता आपल्या संगणकावरील इटीसी निर्देशिकेतील एनएसस्विच डॉट कॉन्फ ही फाइल उघडावी. ग्राफिकल डेस्कटॉपसह बसवलेल्या डेबियनमध्ये ‘होस्ट्स’ने सुरू होणारी ओळ साधारण अशी असते:

होस्ट्स: फाइल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची असते. ‘फाइल्स’ म्हणजे होस्ट्स फाइल. प्रथम तिथे पाहायचे. तिथे नाव नसेल तर ‘एमडीएनएस४_मिनिमल’ या भागाला विचारायचे, आणि त्यानंतर डीएनएसला. खरी मेख चौकटी कंसात आहे. प्रत्येक स्रोत चारपैकी एक निकाल देतो: सापडले, सापडले नाही, स्रोतच उपलब्ध नाही, किंवा तात्पुरती अडचण आहे. काही न लिहिल्यास ‘सापडले’ या निकालावर शोध थांबतो आणि उरलेल्या तिन्ही निकालांवर पुढच्या स्रोताकडे जातो. परंतु येथे ‘नॉटफाउंड=रिटर्न’ असे लिहिलेले आहे; म्हणजे आधीच्या स्रोताने ‘असे नाव नाही’ असे निश्चितपणे सांगितले तर तिथूनच माघारी फिरायचे आणि डीएनएसची पायरी चढायचीच नाही. एमडीएनएसचा हा भाग ‘लोकल’ने संपणाऱ्या नावांखेरीज इतर कशातही लक्ष घालत नाही, म्हणून बाकीच्या संकेतस्थळांची नावे त्याला ओलांडून डीएनएसपर्यंत सुखरूप पोहोचतात आणि केवळ ‘लेखा.लोकल’ अडकून राहते.

हे माझ्या शब्दावर मानण्याची गरज नाही. गेटएन्ट नावाची एक साधी आज्ञा आपल्या प्रत्येक संगणकात असते आणि ती कार्यक्रमांच्याच वाटेने जाते. ‘गेटएन्ट एहोस्ट्स लेखा.लोकल’ असे टंकून पाहावे. होस्ट्समधील ओळ काढलेली असेल तर पिंगप्रमाणेच हीही थोडा वेळ थांबून रिकामी परतेल. नंतर ‘गेटएन्ट’ आणि ‘होस्ट्स’ या शब्दांमध्ये ‘-एस डीएनएस’ हा पर्याय घालावा, म्हणजे तिला फक्त डीएनएसकडे पाठवता येते, आता १९२.१६८.१.२० हा पत्ता क्षणात उमटेल. तिसऱ्या वेळी ‘डीएनएस’च्या जागी ‘एमडीएनएस४_मिनिमल’ लिहावे, पुन्हा शांतता. लगेच ‘इको $?’ ही मागच्या आज्ञेचा निकाल आकड्यात दाखवणारी आज्ञा टंकल्यास २ हा आकडा दिसेल आणि गेटएन्टच्या भाषेत त्याचा अर्थ ‘नाव सापडले नाही’ असा आहे. तीन आज्ञांत दोषी पायरी हाती लागते. नावाच्या तक्रारीत मी सर्वात आधी गेटएन्ट चालवतो आणि एनएसलुकअपकडे नंतर वळतो. ‘गेटएन्ट होस्ट्स’ आणि ‘गेटएन्ट एहोस्ट्स’ यांत थोडा फरक आहे: पहिली जुन्या पद्धतीने विचारते आणि आयपीव्ही६ (नव्या, लांब पद्धतीचा) पत्ता असल्यास फक्त तोच दाखवते, दुसरी आजचे कार्यक्रम ज्या पद्धतीने विचारतात त्या पद्धतीने जाते. म्हणून पूर्ण वाट तपासताना दुसरी वापरावी.

‘लोकल’ला ही वेगळी वागणूक का? एमडीएनएसमध्ये मध्यवर्ती सर्व्हरच नसतो. संगणक आपल्या नेटवर्कवर २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर, ‘लेखा.लोकल कोण आहे?’ अशी हाळी देतो आणि ज्याचे ते नाव असेल तो स्वतःच ओ देतो. ॲपलने बॉनजूर या नावाने ही पद्धत रुळवली, लिनक्समध्ये ते काम अवाही ही सेवा करते, आणि फेब्रुवारी २०१३ मधील आरएफसी ६७६२ ने ‘लोकल’ हा शेवट या पद्धतीसाठी अधिकृतपणे राखून ठेवला. कार्यालयातला प्रिंटर काहीही न लिहिता आपोआप दिसतो तो याच कृपेने. आपला सर्व्हर मात्र या हाळीला ओ देत नाही, कारण त्याच्यावर अवाही नाही आणि त्याचे स्वतःचे नावही ‘लेखा’ नाही. ते नाव केवळ राउटरच्या वहीत आहे, आणि राउटरला तर कोणी विचारलेच नाही. पिंग अडखळत होते तो वेळ या हाळीच्या उत्तराची वाट पाहण्यात जात होता.

ही चूक करणारे आपण पहिले नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्मॉल बिझनेस सर्व्हरची मांडणी करताना अंतर्गत डोमेनला ‘लोकल’ हा शेवट आपोआप सुचवला जाई, आणि त्या पिढीतल्या कितीतरी कार्यालयांत तो अजून नांदतो आहे. नेटवर्कचे काम करणाऱ्यांच्या हाताला ते वळण लागले ते तिथूनच.

आता आपले दोन उपाय पाहू. होस्ट्समध्ये ओळ घातल्याने काम होते, कारण ‘फाइल्स’ हा स्रोत एमडीएनएसच्या आधी येतो. परंतु सर्व्हरचा पत्ता ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी अकरा ठिकाणी हात लावावा लागेल, आणि एखादा संगणक हमखास सुटेल. एनएसस्विचमधून एमडीएनएस काढले तरी काम होईल. पण ‘लोकल’ नावाने ओळखले जाणारे प्रिंटर आणि स्कॅनर रुसण्याची शक्यता आहे. मधला मार्ग म्हणून चौकटी कंस तेवढा काढावा असेही सुचवले जाते. त्याने नाव सापडेल खरे, परंतु प्रत्येक वेळी आधी हाळी, मग प्रतीक्षा आणि मग डीएनएस असा फेरा पडून लेखा सॉफ्टवेअर उघडताना रोज ती काही सेकंदांची अडखळ सोसावी लागेल. आणखी एक पर्याय प्रामाणिकपणे सांगायला हवा: सर्व्हरलाच ‘लेखा’ हे नाव देऊन त्यावर अवाही सुरू केले तर ‘लेखा.लोकल’ नियमानुसार चालू लागेल. मात्र ही हाळी आपल्या नेटवर्कच्या सीमेबाहेर जात नाही. उद्या शाखा कार्यालय व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून केलेल्या खासगी जोडणीने, जोडायचे झाले तर तिथे ती ऐकूच येणार नाही.

म्हणून नाव बदलणे बरे. पतसंस्थेच्या संकेतस्थळासाठी नोंदवलेले डोमेन असेल तर त्याच्याच पोटात एक उपडोमेन ठरवावे, उदाहरणार्थ ‘कार्यालय’, आणि सर्व्हरला त्याखाली ‘लेखा’ हे नाव द्यावे. डोमेन आपल्याकडे आहे तोवर ते नाव दुसऱ्या कोणाच्या मालकीचे होऊ शकत नाही, हा पहिला लाभ. दुसरा लाभ सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचा: ब्राउझर ज्यांना मानतात त्या प्रमाणपत्र संस्था ‘लोकल’सारख्या खासगी नावांना प्रमाणपत्र देत नाहीत, तर स्वतःच्या उपडोमेनसाठी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून डीएनएस नोंदीच्या आधारे ते मिळवता येते, आणि त्यासाठी सर्व्हर इंटरनेटला उघडा करावा लागत नाही. डोमेन नसेल तर ‘इंटर्नल’ हा शेवट वापरावा. २०२४ च्या जुलैमध्ये इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने तो खासगी वापरासाठी कायमचा राखून ठेवला आहे. घरगुती नेटवर्कसाठी २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने ‘होम डॉट आर्पा’ दिलेले आहे. मनाला येईल तो शेवट मात्र जोडू नये. ‘डेव्ह’ हा शेवट स्वतःच्या संगणकापुरता वापरणाऱ्या अनेक प्रोग्रामरांना २०१७ च्या अखेरीस याचा धडा मिळाला: ‘डेव्ह’ हे तोवर गूगलचे खरेखुरे डोमेन झाले होते, आणि क्रोमने त्याखालील प्रत्येक नावाला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सक्तीचे केल्याबरोबर त्यांची कामाची पाने उघडेनाशी झाली.

राउटरमध्ये नवे नाव नोंदवताना डीएचसीपीतून (संगणकांना पत्ता आणि नेटवर्कची मांडणी आपोआप देणाऱ्या सेवेतून) वाटल्या जाणाऱ्या डोमेनच्या रकान्यातही तेच उपडोमेन भरावे. मग प्रत्येक संगणकाच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये ‘सर्च’ या शब्दाने सुरू होणारी ओळ आपोआप उमटते, आणि कर्मचाऱ्याने नुसते ‘लेखा’ टंकले तरी ग्लिबसी त्याला ते शेपूट जोडून पाहते. नावात एकही टिंब नसेल तर आधी शेपूट जोडायचे आणि टिंब असेल तर आधी नाव जसेच्या तसे शोधायचे, असा तिचा मूळ नियम आहे. डिग मात्र आपण होऊन शेपूट जोडत नाही, त्यामुळे ‘डिग लेखा’ निष्फळ ठरल्यास गोंधळून जाऊ नये.

आता ८.८.८.८ बद्दल. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये दोन नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएस सर्व्हर, लिहिले की पहिल्याकडे नाव नसल्यास दुसऱ्याला विचारले जाईल, हा समज इतका पक्का आहे की अनुभवी मंडळींच्या तोंडीही तो ऐकू येतो. तसे घडत नाही. दुसऱ्याकडे पाळी जाते ती पहिल्याने उत्तरच दिले नाही तर. ‘असे नाव नाही’ हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे, आणि ते मिळाले की शोध संपतो. आपल्या बाबतीत याचा परिणाम असा होईल: राउटर एरवी व्यवस्थित उत्तर देत राहील, तो व्यग्र असेल किंवा नुकताच पुन्हा सुरू होत असेल तेव्हा ग्लिबसी ठरल्याप्रमाणे पाच सेकंद थांबून गूगलकडे वळेल, गूगलला आपल्या कार्यालयातल्या सर्व्हरची काहीच कल्पना नसल्याने ते ‘असे नाव नाही’ म्हणेल, आणि कर्मचारी सांगेल की ‘सॉफ्टवेअर कधीकधी उघडत नाही’. ‘कधीकधी’ या शब्दाइतका त्रास दुसऱ्या कोणत्याही तक्रारीने मला दिलेला नाही. त्या फाइलमधील सर्व नेमसर्व्हरांना एकसारखीच माहिती असायला हवी, हा नियम पाळावा. बाहेरच्या नावांसाठी ८.८.८.८ हवाच असेल तर तो राउटरच्या आत, त्याने पुढे विचारण्याचा सर्व्हर म्हणून लिहावा. ग्लिबसी तीनहून अधिक नेमसर्व्हर विचारातच घेत नाही, त्यामुळे लांबलचक यादीचा उपयोग नाही.

तसेच ही फाइल हाताने बदलू नये, कारण नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर हा कार्यक्रम ती पुन्हा लिहितो. आपला बदल सकाळी टिकतो आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीसा होतो, त्याचे कारण हेच. वैतागून फाइलला न बदलण्याचे कुलूप घालणारेही मी पाहिले आहेत. मग वर्षभराने राउटर बदलला जातो, कुलपाची कोणाला आठवण नसते, आणि नव्या माणसाचा अख्खा दिवस वाया जातो. बदल करायचाच असेल तर एनएमसीएलआय या आज्ञेने त्या जोडणीच्या मांडणीत करावा आणि जोडणी पुन्हा चालू करावी. आपल्याला मात्र हाताने लिहिलेले सारे काढून डीएचसीपीवर विसंबणेच पुरेसे आहे.

पुढे एखाद्या संगणकावर उबुंटू बसवलेत तर चित्र थोडे वेगळे दिसेल. तिथे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ हा पत्ता असतो. ते चुकीचे नाही. तो पत्ता त्याच संगणकावर चालणाऱ्या सिस्टमडी-रिझॉल्व्हड या सेवेचा आहे, आणि खरे सर्व्हर कोणते हे ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या आज्ञेने कळते. ही सेवा होस्ट्स फाइलही वाचते, त्यामुळे तिथे एनएसलुकअपच्या उत्तरात होस्ट्समधील पत्ता दिसू शकतो आणि मी वर सांगितलेला भेद पुसट होतो. ‘लोकल’च्या बाबतीत तीही तितकीच कडक आहे: तो शेवट शोधाच्या डोमेनांत स्पष्टपणे लिहिला नसेल तर अशी नावे ती डीएनएस सर्व्हरकडे पाठवतच नाही.

होस्ट्स फाइलबद्दल थोडेसे. ओळीत आधी पत्ता आणि मग नावे असतात. उलट क्रम चालत नाही, पोर्ट लिहिता येत नाही आणि ताराचिन्ह घालून सगळी उपनावे एका झटक्यात बसवता येत नाहीत. डेबियन त्यात १२७.०.१.१ या पत्त्यापुढे संगणकाचे स्वतःचे नाव लिहून ठेवतो. संगणकाचे नाव बदलून ही ओळ जुनीच ठेवली तर सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याचे साधन) वापरताना ‘होस्टचा पत्ता सापडत नाही’ अशी कुरकुर सुरू होते. एका कार्यालयात मी स्वतः केलेली चूकही सांगतो. रूट या सर्वाधिकारी खात्यातून काम करताना फाइलींच्या परवानग्या कडक ठेवण्याची मांडणी चालू होती, आणि मी होस्ट्सची नवी प्रत जुनीच्या जागी ठेवली. ती फक्त रूटला वाचता येत होती. माझ्या प्रत्येक चाचणीत नाव सापडे, कारण मी रूट होतो. समोर बसलेल्या लेखनिकाला ते सापडत नसे, आणि संदेश काय तर ‘नाव माहीत नाही’. परवानगीचा कुठे उल्लेखही नाही, कारण फाइल उघडता न आल्यास ग्लिबसी मुकाट्याने पुढच्या स्रोताकडे जाते. तेव्हापासून नावाची चाचणी मी सुडोशिवाय, ज्याची तक्रार आहे त्याच्याच खात्यातून करतो. त्या फाइलच्या परवानग्या ६४४ असाव्यात, म्हणजे मालकाला लिहिता येते आणि बाकी सर्वांना वाचता येते.

बदलाच्या दिवशी राउटरमध्ये जुने आणि नवे अशी दोन्ही नावे काही आठवडे राहू द्यावीत आणि लेखा सॉफ्टवेअरच्या मांडणीत व ब्राउझरच्या खुणांत नवे नाव भरावे. जुने नाव अजून कोण वापरते हे राउटरच्या नोंदवहीत शोधण्याचा मोह होईल, पण तिथे काही दिसणार नाही: डेबियनचे संगणक ‘लोकल’ची विचारणा राउटरकडे कधी पाठवतच नव्हते. त्यापेक्षा प्रत्येक संगणकावर ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने इटीसी निर्देशिकेत आणि लेखा सॉफ्टवेअरच्या मांडणीच्या फाइलींत ‘लेखा.लोकल’ शोधावे, आणि ज्या संगणकाच्या होस्ट्समध्ये आपण ती ओळ घातली होती, तिथली ती सर्वात आधी काढावी, नाहीतर सर्व्हरचा पत्ता बदलेल तेव्हा जुने नाव वापरणारा तो एकटा संगणक जुन्याच पत्त्यावर जात राहील.